नाव दुरुस्त होणार

४ सप्टेंबर

दादा,

नमस्कार, खुशाली, वहिनीची चौकशी, सगळं लिहिलं आहे असं गृहीत धर आणि आधी बातमी वाच. आमच्या पर्यटन खात्यानं आपल्या खोऱ्याच्या मार्गदर्शिकेची नवी आवृत्ती काढायचं ठरवलंय आणि ती माझ्याकडे आली आहे! साहेबांनी फाईल टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही तिकडच्याच ना? मग काय, लगेच होईल." जसा काही नदीकाठी जन्मलेल्या माणसाच्या पोटात मजकूर तयारच असतो.

गावातल्या प्रत्येक कमिटीत असणाऱ्या आपल्या 'कमिटी'च्या चहाच्या दुकानावर फोन करणार होते. पण तिथं एक वाक्य बोललं की संध्याकाळपर्यंत गावात त्याची चार होतात. शिवाय हे मला लिहूनच सांगायचं होतं.

जुन्या सगळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी मांडून वाचल्या. पहिली आपल्या भूगोलाच्या मास्तरांनी हातानं लिहून दिलेली. मूळ कागद फाईलमध्ये आहेत. त्यात स्पष्ट, म्हणजे मास्तरांच्या मानानं स्पष्ट, लिहिलंय: 'हाळीचा दगड'. पलीकडच्या काठावरचा काळा सपाट खडक. बसमधून उतरलेल्यानं त्यावर चढायचं, नदीपार हाळी द्यायची, आणि आपल्या काठावरून बाबांनी 'आलोऽऽ' म्हणत नाव पाण्यात लोटायची. एवढीच त्या दगडाची गोष्ट.

छापखान्यानं वाचलं 'हळवीचा दगड'. एक काना सांडला, एक व घुसला. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी कुणाला तरी प्रश्न पडला, ही हळवी कोण? म्हणून एक तरुणी आली. तिसरीत तिला प्रियकर मिळाला आणि तो नदीपार जाऊन परतलाच नाही. चौथीत ती त्या दगडावर वाट बघून बघून मेली. आता तिथं खात्याची लोखंडी पाटी आहे आणि जोडपी फोटो काढतात.

बाबा तेव्हा काय म्हणाले होते आठवतं? "मेल्यांनी माझ्या हाळीची पोरगी केली!" आणि मी उठता-बसता रडायची म्हणून तू ते नाव मला चिकटवलंस. ऑफिसात मी 'बाई' आहे, दादा. घरी मात्र अजून छापखान्याची चूक.

तर आता पाटी बदलेल, पुस्तक बदलेल. बाबांना माझ्याकडून एवढंच सांग: नाव दुरुस्त होणार.

मला तुझ्याकडून हवंय ते असं: आपल्याकडे प्रवासी कोण कोण, कुठल्या क्रमानं आले, नदीचं वळण, ओढे, डोह यांची माहिती. बाबांसाठी निळा स्वेटर पाठवते आहे. बसला का ते कळव.

तुझी
हळवी

---

१६ सप्टेंबर

हळवे,

पत्र पोचलं, स्वेटर पोचला. तुझं पत्र पोस्टमननं कमिटीच्या दुकानात ठेवलं होतं. फोडलं नव्हतं, पण कमिटीला मजकूर माहीत होता. कसा, ते विचारू नकोस.

प्रवाशांचा इतिहास घे. आधी आले छातीचे रोगी. शहरातले डॉक्टर त्यांना हवा खायला पाठवायचे. ते आपल्या आजोबांच्या ओटीवर पथारी टाकून पडायचे आणि बरे झाले की हवेचे आभार मानून जायचे, आजोबांचे नाही. मग टेकडीवर सरकारी बंगला झाला, कारण पाहणीला येणाऱ्यांना नदी वरून बघायची असते, पाय ओले न करता. त्यांच्या मागून चित्रं काढणारे आले. ते एकाच वळणाकडे बघत दिवस काढायचे आणि कागदावर भलतंच काहीतरी उतरायचं. मग आली जोडपी, ती तुमच्या खात्याच्या हळवीमुळे. आणि आता रबरी होड्यांवाले. डोक्याला टोप, अंगाला फुगे बांधून हे लोक लांबून बुडायला येतात, आणि बुडाले नाहीत की हिरमुसतात.

हे सगळे बाबांच्या नावेतून आले, पूल होईपर्यंत. हे तुझ्या पुस्तकात कुठेतरी येऊ दे.

आता गंमत ऐक. बाबांना म्हटलं, "हळवीचं पत्र आलंय. नाव दुरुस्त होणार म्हणते." माणूस एकदम उठून बसला. "कोण म्हणतं? हळवी? स्वतः?" म्हटलं हो. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर मागच्या छपरीत खरखर आवाज. नाव पालथी घालून बाबा तिचं जुनं डांबर खरवडत बसलेले! तू म्हणालीस दगडाचं नाव, त्यांनी ऐकली आपली नाव. वहिनी हसून हसून बेजार. मला म्हणाली, "तुमच्या घरात शब्दसुद्धा कुणी सरळ ऐकत नाही."

मी काही त्यांना समजावलं नाही. पूल झाल्यापासून ती नाव पालथी पडून होती आणि तेही जवळपास तसेच. आता हाताला काम आहे. थोडं विसरतात, पण ते वयाचं.

एक मात्र आहे. कमिटी म्हणतो, नाव बदलू नका. त्याच्या भाषेत सांगतो: "हाळी म्हणजे काय ते आजकाल कुणाला कळतं? हळवी कळते. हळवीसाठी माणूस चढ चढून येतो आणि वर चहा पितो." बघ विचार करून.

दादा

---

१ ऑक्टोबर

दादा,

नावेचं वाचून मीही हसले आणि मग हसू गेलं. त्यांना समजाव. नाव दुरुस्त झाली की मी येणार असं समजून ते बसले असतील, तर उद्या वाट बघतील.

आणि कमिटीचं म्हणणं मला लिहून पाठवलंस त्यातला अर्धा आवाज तुझा आहे हे मला ऐकू येतं. तुझ्या चार खोल्यांवर पाटी काय आहे? 'हळवी निवास'. मला माहीत आहे, मागच्या वर्षी खात्याच्या यादीत वाचलं. माझ्या रडण्यावर तू मला चिडवलंस, ठीक. आता त्यावर खोल्याही भाड्यानं देतोस?

चूक ती चूक, दादा. मी दिवसभर हेच काम करते. कुणीतरी सांडलेला काना उचलून जागेवर ठेवायचा. बाबांनी त्या हाळीसाठी जेवणावरून उठून धाव घेतलेली मी पाहिली आहे. पावसापाण्यात, ताप अंगात असताना. त्यांच्या जन्माच्या कामावर एका खोट्या पोरीची पाटी लावलेली आहे आणि ती काढायचा अधिकार पहिल्यांदा आपल्या घरात आला आहे.

मला वाटलं होतं हे ऐकून ते काहीतरी म्हणतील. मला काही निरोप देतील. तू लिहितोस ते खरवडत बसले.

पूल सुरू झाला त्या दिवशी मी पाहुण्यांबरोबर पुलावरून आले, ती माझी नोकरी होती. बाबा नाव धुऊन, नवी दोरी बांधून काठावर उभे आहेत, मी दगडावरून हाळी देईन म्हणून थांबलेत, हे मला कुणी सांगितलं होतं का? "पुलावरच्या पाहुण्यांना माझ्या घरात जागा नाही," म्हणाले आणि दार लावून घेतलं. मी दुपारच्या बसनं परत फिरले. तेव्हापासून आम्हा दोघांच्या मध्ये तू आहेस, टपाल खात्यासारखा. तूही पत्रं उशिरा पोचवतोस.

ते माझ्याबद्दल विचारतात का? सरळ सांग.

हळवी

---

२० ऑक्टोबर

हळवे,

माहिती पाठवतो.

नदी वरच्या पठारावरून येते. आपल्या गावाच्या वर तिला तीन ओढे मिळतात. उन्हाळ्यात दोनच, तिसऱ्यात आपण गोट्या शोधायचो. मग ती घोड्याच्या नालेसारखं वळण घेते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला दगड आणि डोह, तिथं पाणी काळं आणि खोल. आतल्या अंगाला आपलं गाव, तिथं वाळू. नदी बाहेरचा काठ खात जाते आणि आतल्या काठाला वाळू आणून टाकते. मास्तर शाळेत शिकवायचे तेव्हा वाटायचं पुस्तकातलं आहे. पण आता आपल्या घाटाच्या पायरीपासून पाणी बरंच लांब गेलंय. नाव काढायची म्हटली तर आधी वाळूवरून ओढत न्यावी लागेल.

पूल वळणाच्या खाली, पात्र अरुंद आहे तिथं. त्याची माहिती तुझ्याकडेच असेल.

बाबा बरे आहेत. स्वेटर घालतात. संध्याकाळी फिरायला जातात.

दगडाचं नाव आहे तसं राहू दे. पाटी तर अजिबात हलवू नका. कमिटीचं काही नाही यात, माझंच म्हणणं आहे. कारण विचारू नकोस. इतक्या वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं नाही, हे मागतो.

दादा

---

८ नोव्हेंबर

प्रिय दादा,

माहितीबद्दल आभार. वाळूचा परिच्छेद जवळजवळ तुझ्याच शब्दांत घेतला आहे.

मी एक प्रश्न विचारला होता. तू नदीचं उत्तर दिलंस.

दगडाची नोंद 'हाळीचा दगड' अशी केली असून पाटी बदलण्याचा प्रस्ताव वर पाठवला आहे. कारण न सांगता मागितलेली गोष्ट ऑफिसात देता येत नाही.

तुझी बहीण

---

३ डिसेंबर

दादा,

आज मुखपृष्ठासाठी छायाचित्रं आली. एका छायाचित्रकारानं सगळं खोरं फिरून काढलेली. धुकं, टेकड्या, वळण, पूल. आणि एक आपला दगड.

दगडावर बाबा उभे आहेत.

फोटोच्या मागं पेन्सिलीनं लिहिलंय: 'हळवीचा बाप. रोज संध्याकाळी. आख्यायिका जिवंत ठेवणारा स्थानिक कलाकार.' साहेब म्हणाले, "वा! हाच कव्हरला घेऊ. चेहरा बघा काय दिलाय माणसानं." मी हो म्हटलं की नाही ते मला आठवत नाही. फोटो पिशवीत घालून घरी आणला आहे.

स्वेटर उलटा घातलाय. उलटा आणि पुढचं मागं. लेबल हनुवटीखाली आलंय. दोन्ही हात तोंडाशी धरलेत. खाली लोक उभे आहेत, एक बाई टाळ्या वाजवते आहे.

तू लिहिलंस, फिरायला जातात.

पुलावर पाऊल टाकणार नाही म्हणालेला माणूस पलीकडे पोचला कसा? जन्मभर ज्यानं हाळीला उत्तर दिलं तो हाळी देतोय कुणाला? या वेळी नदीचं उत्तर देऊ नकोस.

हळवी

---

१४ डिसेंबर

हळवे,

तुला देतात.

सगळं पहिल्यापासून सांगतो. नाव खरवडून झाली, मीही मदत केली, दोघांनी मिळून नवं डांबर लावलं. मग एके दिवशी संध्याकाळी बाबा घरात नाहीत. वहिनी वाळूवर बघून आली, मी ओढ्यापर्यंत गेलो. तेवढ्यात कमिटी पुलावरून धावत आला. "अरे, म्हातारा दगडावर चढलाय आणि तुझ्या बहिणीला बोलावतोय!"

मी गेलो. ते ओरडत होते, "हळवीऽऽ, नाव आऽऽण!" आवाज अजून तसाच आहे, सगळं वळण भरून जातं. मी म्हटलं, "बाबा, चला घरी." मला म्हणाले, "थांब जरा. ती आणतेय. नाव दुरुस्त झाली म्हणून तिनंच कळवलंय ना?"

तुला तो दिवस आठवतो का? बाबा माणसं सोडायला पलीकडे गेले होते, दोरी सुटली आणि रिकामी नाव वाहत येऊन आपल्या वाळूला लागली. बाबा दगडावरून हाळी देत राहिले. वारा उलटा होता. आई शेतात, मी तापानं पडलेला. कुणाला ऐकू गेलं नाही, तुला गेलं. अकरा-बारा वर्षांची असशील. वल्हं तुझ्या दीडपट. नाव वेडीवाकडी, एकदा तर गोल फिरली, आणि तू भोकाड पसरून रडत होतीस ते मला अंथरुणात ऐकू येत होतं. पण नेलीस पलीकडे. बाबा आल्यावर एवढंच म्हणाले, "रडत आणलीस, पण आणलीस."

ते आता त्या दिवसात उभे आहेत, हळवे. पूल त्यांना दिसत नाही. पुलावरून जातात आणि पूल दिसत नाही. एरवी कितीतरी गोष्टी हातातून गेल्या आहेत. वहिनीला कधी आई म्हणतात, कधी 'खोलीवाल्या बाई' म्हणतात. माझं नाव निघत नाही, नुसतं "अरे" म्हणतात. मी 'अरे' झालोय.

तुझं नाव मात्र निघतं. कसं, ते आता सांगतो, कारण तू विचारायचं थांबणार नाहीस. वाचता येतं त्यांना अजून. दगडाशी जातात, पाटीसमोर उभे राहतात, बोट ठेवून वाचतात: ह-ळ-वी-चा द-ग-ड. मग चेहरा उजळतो आणि वर चढतात. एकदा पाटीसमोर एक मोटार उभी होती, पाटी झाकलेली. त्या दिवशी दगडावर चढले आणि नुसते उभे राहिले. तोंडाशी हात धरलेले आणि हाक मारायला नावच नाही. मी खालून बघत होतो. पुन्हा तसं बघायचं नाही मला.

म्हणून म्हणालो होतो पाटी हलवू नका. छापखान्याची चूक असेल. आता तीच तेवढी शिल्लक आहे.

माझ्या खोल्यांच्या पाटीचं म्हणशील तर ती लावली तेव्हा बाबा तुझं नाव घरात काढू देत नव्हते. म्हटलं, बाहेर तरी लावू.

तुला कळवलं नाही कारण तू धावत आली असतीस, पुलावरून. आणि तेव्हा मला खरंच कळत नव्हतं, ते दार उघडतील की लावतील.

लोक जमतात. सुरुवातीला मी हाकलले. कमिटीनं तर तुझ्या पुस्तकात 'पाचची हाळी' म्हणून वेळ छापून मिळेल का विचारलं होतं. मी एवढंच म्हटलं, "तुझा बाप असता तर?" तेव्हापासून तो रोज बाबांना हात धरून दगडावरून उतरवतो, आणि एवढं होऊनही चहा पाजल्याशिवाय सोडत नाही.

दादा

---

५ जानेवारी

दादा,

तुझं पत्र वाचून तीन वेळा उत्तर लिहायला बसले. हे चौथं.

पाटीचा प्रस्ताव मागे घेतला. साहेबांनी विचारलं, "बाई, महिनाभर तुम्हीच भांडत होतात की ही चूक आहे." म्हटलं, चूक आहेच. राहू दे. मुखपृष्ठावर वळणाचा फोटो घेतला आहे, माणूस नसलेला. दगडाची नोंद अशी गेली आहे, मुद्रितावरून उतरवते:

'हळवीचा दगड. मूळ नाव हाळीचा दगड. पूल होण्यापूर्वी प्रवासी येथून नदीपार हाळी देत व नावाडी कोणत्याही वेळी नाव घेऊन येत असे. तोपर्यंत या खोऱ्यात आलेला प्रत्येक पाहुणा त्याच्या नावेतून आला आहे. दगडावर उभे राहून कोणी हाक मारत असेल, तर टाळ्या वाजवू नयेत, छायाचित्र घेऊ नये. पलीकडच्या काठावर असाल तर मोठ्याने "आलेऽऽ" असे उत्तर द्यावे.'

साहेब म्हणाले, "मार्गदर्शिकेत असं लिहितात का?" मी म्हटलं, वाटेत काय लागेल आणि तिथं कसं वागावं हे सांगायलाच असते ना मार्गदर्शिका? त्यांनी चष्मा काढला, पुसला, सही केली.

तू विचारलं नाहीस, पण तुझ्या पत्राच्या प्रत्येक ओळीत विचारलं आहेस, की मी येते का.

रोज येते, दादा. बसमध्ये बसते, घाट उतरते, टेकडीवरचा बंगला दिसतो, मग नदीचा वास येतो. तिथपर्यंत येते आणि मग थांबते. ते अकरा वर्षांच्या मुलीला बोलावतायत. समोर उभी राहणार चष्म्याची, पिकल्या केसांची बाई. त्यांनी मान वर करून विचारलं, "आपण कोण? खोली हवी आहे का?" तर? इतकी वर्षं ते रागावलेत एवढं तरी माझ्याकडे होतं. राग म्हणजे ओळख असतेच की. तीही गेली तर काय घेऊन परत येऊ?

इथं माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. संध्याकाळी त्या भरून वाहतात, तेव्हा काही वेळ पाण्याचा आवाज येतो. मी काम बाजूला ठेवून ऐकते. एवढंच.

हळवी

---

२ मार्च

हळवे,

पुस्तक आलं. कमिटीनं दुकानात दोरीला टांगलंय, वाचून परत टांगायचं. स्वतःचं नाव कुठं नाही म्हणून दोन दिवस गाल फुगवून होता.

आणि लोक खरंच वाचतात गं! मला वाटलं नव्हतं. परवा संध्याकाळी बाबांनी हाळी दिली. आपल्या वाळूवर एक कुटुंब बसलं होतं, मांडीवर तुझं पुस्तक. त्यातली आजी उठली आणि पदर खोचून ओरडली, "आलेऽऽ!" मग पुलावरून दोघी-तिघी, "आलेऽऽ!" काल रबरी होडीतले टोपवाले आडदांड गडी जाता जाता ओरडून गेले, "आलेऽऽ!" असं बाईच्या थाटात. वळणात आवाज घुमतो आणि परत येतो. टाळ्या नाहीत. कुणी फोटो काढायला गेलं तर बाकीचे दटावतात.

बाबा कान देऊन ऐकतात. पहिले काही दिवस खूश होते. "बघ, ऐकू गेलं तिला." काल मात्र उतरताना माझा दंड धरून म्हणाले, "अरे, येते येते सगळ्या म्हणतात. म्हणायला काय लागतं? नाव कुठाय?"

तू लिहिलंस, ओळखलं नाही तर. त्यावर मी दोन महिने विचार केला, म्हणून पत्राला उशीर. टपाल खातं म्हण.

ते चेहरे बघत नाहीत आता. माझ्याकडे बघत नाहीत, वहिनीकडे नाही, लोकांकडे नाही. दगडावर उभे राहून पाण्याकडे बघतात. नाव सुटली का, नाव कुठवर आली. जी नाव घेऊन येईल ती हळवी. केस पिकलेत का, चष्मा आहे का, हे त्यांच्या हिशेबातच नाही. वहिनी म्हणाली, "मग मी जाते नाव घेऊन." मी नको म्हटलं. तिनं आणली तर ते शांत होतील. पण ती रडणार नाही, आणि वेडीवाकडी आणणार नाही.

दुरुस्त झाली आहे. छपरीत पालथी आहे.

दादा

---

१० मार्च

दादा,

तिकीट काढलं. येता रविवार सोडून त्यापुढच्या रविवारी दुपारच्या बसनं पोचते. दगडाजवळ उतरले तरी मान वर करणार नाही, डोक्यावर पदर घेऊन सरळ पूल ओलांडून घरी येईन. एवढा एकदा पूल मला माफ.

हे पत्र मिळाल्याबरोबर नाव वाळूवरून ओढून पाण्यात घाल. कमिटीला हाताशी घे, एकट्याला झेपायची नाही. आत दगड ठेवून काठापर्यंत बुडव आणि तशीच राहू दे. किती वर्षं कोरडी पडली आहे, नुसत्या डांबरानं भागायचं नाही. लाकूड पाणी प्यायलं की फळ्या फुगतात आणि फटी आपोआप मिटतात, हे बाबांनीच शिकवलंय. रविवारी सकाळी दगड काढून पाणी उपस.

वल्हं तेच ठेव. आता ते माझ्या दीडपट नसेल, पण मला अजून सरळ वल्हवता येईल असं वाटत नाही. गोल फिरले तर हसू नकोस. रडेन, ते गृहीत धर.

बाबांना आधी काही सांगू नकोस. हाळी त्यांना देऊ दे.

हळवी